चिरनेरच्या खांबावरची नावं

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेर गावात पोलीस बंदुका आकाशाकडे रोखून फैरी झाडतात. हुतात्म्यांचे वारस, तालुक्याचे अधिकारी, सगळ्या पक्षांचे पुढारी आणि गणवेशातली शाळेची मुलं समोर असतात. १९३० साली याच तारखेला, याच गावाच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळ्यांनी आठ माणसं मारली. आज त्याच खात्याची तुकडी त्या आठांना मानवंदना देते. परक्या माणसाला हे विचित्र वाटेल. त्याला आपण सांगतो, की तेव्हाचं सरकार इंग्रजांचं होतं, आताचं आपलं आहे. हे उत्तर १९८४ च्या जानेवारीपर्यंत पुरेसं होतं. पण त्याकडे नंतर येऊ.

चिरनेर उरण तालुक्यात आहे. नवी मुंबईच्या काचेच्या इमारती मागे टाकून, कंटेनरच्या रांगांतून वाट काढत पूर्वेला आत वळलं, की खाडी संपते आणि डोंगर सुरू होतो. त्या पायथ्याशी हे गाव. महागणपतीचं जुनं देऊळ, तळं, भातशेती, आणि वर आक्कादेवीचा डोंगर. वस्ती मुख्यतः आगऱ्यांची. खाडीच्या बाजूला कोळी आणि रानाच्या कडेला कातकरी. उरण-पनवेल पट्ट्यातल्या माणसाचं पोट तीन ठिकाणी विभागलेलं होतं : भाताचं शेत, मीठ आणि मासळी देणारी खाडी, आणि रान. यातलं एक जरी सरकारनं अडवलं, तरी बाकीची दोन लंगडी पडत.

रान अडवलं म्हणजे नेमकं काय अडवलं, हे शहरात वाढलेल्या वाचकाला चटकन कळत नाही. जळण आणि गुरांचं गवत एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर येतं. कोकणातल्या भातशेतीला रान लागत असे ते राबासाठी. पावसाळ्याआधी रोपाच्या जागेवर झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत, शेण असा थर पसरायचा आणि तो भाजायचा. त्या राखेत पेरलेलं बी जोमानं उगवतं, तण जळून जातं. राब नसेल तर रोप धड नाही, आणि रोप नसेल तर लावणी कशाची करणार? ब्रिटिश वनखात्याच्या मते हा झाडांचा नाश होता. १८७८ च्या कायद्यानं रानं राखीव झाली आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा संताप एवढा वाढला, की १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्यासाठी जंगल चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगानं दोन वर्षं साक्षी घेतल्या आणि अहवाल दिला. राबाची तक्रार मात्र शेतात तशीच राहिली. १९२७ चा वन कायदा आला तेव्हा तिला पन्नास वर्षं होत आली होती.

म्हणून १९३० चा जंगल सत्याग्रह ही गांधींच्या मीठ सत्याग्रहाची नुसती शेपटी होती, असं मानणं मला पटत नाही. एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं, मे महिन्यात शिरोड्याला मिठागरांवर सत्याग्रह झाला, आणि जूनमध्ये पाऊस आला. पावसात मीठ पिकत नाही. शिवाय घाटावर आणि वऱ्हाडात समुद्र आणायचा कुठून? तेव्हा जंगल कायदा मोडायचं ठरलं. १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापलं. मग ती हवा बागलाण, संगमनेर, शिराळा पेट्यातलं बिळाशी अशी गावोगाव फिरली. काँग्रेसच्या दृष्टीनं गवताची पेंढी म्हणजे मिठाच्या चिमटीची जागा घेणारी खूण होती. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती खूण नव्हती. त्याला गवतच हवं होतं. पुढारी आणि अनुयायी एकाच डोंगरावर वेगवेगळ्या कारणांनी चढत होते, आणि चिरनेरला जे घडलं त्याचं मूळ मला या फरकात दिसतं.

२५ सप्टेंबर १९३०, गुरुवार. नवरात्राचे दिवस होते. चिरनेर आणि आसपासच्या गावांतून लोक कोयते, कुऱ्हाडी घेऊन आक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, खोपटे, पाणदिवे, दिघोडे, सगळी चालत येण्याच्या अंतरावरची गावं. कोयता हे या भागातल्या माणसाचं रोजचं हत्यार, कमरेच्या आकड्याला अडकवलेलं. रानात जायचं म्हटलं की तो बरोबर येणारच. पण पोलिसांच्या नजरेला शेकडो कोयत्यांचा जमाव वेगळा दिसतो. पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी बंदोबस्तासह तिथं होते. पकडापकडी झाली, लोक चिडले, आणि गोळीबार सुरू झाला.

त्यानंतरच्या क्षणांच्या दोन कथा आहेत. सरकार पक्षाची कथा अशी, की जमाव हिंसक झाला, त्यानं सरकारी माणसांवर हल्ला केला आणि त्यात मामलेदार मारले गेले. परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की जोशींनी गोळीबाराला विरोध केला, लोक शांत आहेत असं ते सांगत राहिले, आणि पोलिसांच्याच गोळीनं ते पडले. त्या दिवशी सरकारी बाजूचीही माणसं मेली, याबद्दल दोन्ही कथांचं एकमत आहे. लोकांच्या बाजूचे आठ जण गेले. अनेक जखमी झाले. मग अशा प्रसंगी होतं तेच झालं : गावं पिंजून काढली, पुरुषांची धरपकड झाली, मारहाण झाली. महागणपतीच्या देवळाच्या लोखंडी गजावर त्या दिवसांतल्या गोळीची खूण आहे. ती अजूनही पाहुण्यांना दाखवली जाते. देवळात गेलेला माणूस गणपतीला हात जोडतो आणि मग तो गज बोटानं चाचपतो.

खटला खुनाचा आणि दंगलीचा चालला. इथं चिरनेरच्या माणसांची दुहेरी कोंडी झाली. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रही तुरुंगांतून सुटू लागले. पण सुटका होती ती अहिंसक सत्याग्रह्यांची. ज्यांच्यावर हिंसेचे आरोप होते, त्यांना करारात जागा नव्हती. पुसदला गवत कापणाऱ्याला हार मिळाले, चिरनेरचा आरोपी कोर्टाच्या पिंजऱ्यात राहिला. त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. पक्षाच्या चौकटीत विचार केला तर हे अनपेक्षित वाटेल, कारण सविनय कायदेभंगात ते नव्हते. पण कुलाब्यातल्या कुळांचा प्रश्न त्यांनी जवळून ओळखला होता. पुढं १९३३ पासून अलिबागजवळच्या चरी परिसरात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा संप सुरू केला आणि तो सहा वर्षं चालवला. त्याही लढ्यामागं आंबेडकर उभे राहिले. चिरनेरचा डोंगर आणि चरीची खार जमीन यांच्यामधलं अंतर नकाशावर दिसतं त्यापेक्षा कमी आहे.

आता खांबावरची ती आठ नावं. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी. मोठ्या जुईचे रामा बामा कोळी. धाकट्या जुईचे आनंदा माया पाटील. कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, ज्यांचं आडनाव काही याद्यांत शिंदे असं येतं. पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील. खोपट्याचे हसुराम बुधाजी पाटील. दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे.

ही यादी सावकाश वाचावी. आठांत सात गावं आहेत. गवत्या, माया, बामा, बेमट्या ही बापांची नावं आता या भागात कुणी मुलाला ठेवत नाही. ती फक्त अशा खांबांवर उरली आहेत. कातकरी, कोळी, न्हावी ही खरं तर जातींची नावं. कारकुनानं ती आडनावाच्या जागी लिहिली, कारण गरिबाला वेगळं आडनाव असतं हे कागदाला ठाऊक नव्हतं. आणि नवश्या कातकरी यांचं नाव तिथं असणं मला फार मोलाचं वाटतं. रानावर सर्वांत जास्त अवलंबून असलेला, गावकीत सर्वांत खाली बसवलेला, इंग्रजी राज्यात गुन्हेगार म्हणून पाहिला गेलेला कातकरी समाज. एरवी ज्या समाजाची नोंद वेठीच्या आणि चोरीच्या कागदांत झाली, त्यातल्या एका माणसाचं नाव इथं पाटलांच्या आणि म्हात्र्यांच्या बरोबरीनं, त्याच उंचीच्या अक्षरांत आहे. गावात नवश्याला जी जागा कुणी दिली नसती, ती खांबानं दिली.

अमेरिकेतल्या लहान गावांच्या चौकात यादवी युद्धातल्या सैनिकांची स्मारकं असतात. वर बंदूक टेकवून उभा असलेला दगडी शिपाई, खाली गावातल्या मेलेल्यांची नावं. उत्तरेच्या गावात उत्तरेचा शिपाई, दक्षिणेच्या गावात दक्षिणेचा. आपल्याकडं सैनिकांचे दगड आहेत ते बहुतेक पहिल्या महायुद्धाचे. साताऱ्याच्या अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथल्या एकाच गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले आणि साम्राज्यानं त्यांच्या नावानं दगड उभा केला. चिरनेरचा खांब या कुळातला नाही. इथं मेलेल्यांच्या अंगावर कुणाचाही गणवेश नव्हता. पण एका बाबतीत तो अमेरिकन गावांच्या जवळ जातो : लढाई घरातलीच होती. गोळी झाडणारे शिपाई, हुकूम देणारा फौजदार, पंचनामा लिहिणारा कारकून, मामलेदार जोशी, सगळे मराठी बोलणारे. त्या डोंगरावर कुणी इंग्रज नसता तरी काही फरक पडला नसता. राज्य त्यांचं होतं, हात आपले होते.

म्हणूनच मला आठांच्या यादीत नसलेलं नववं नाव सारखं आठवतं. केशव महादेव जोशी हुतात्मा नाहीत. ते सरकारी नोकर होते आणि त्या सकाळी ते कायद्याच्या बाजूनं तिथं गेले होते. पण गावाची कथा खरी धरली, तर लोकांवर गोळी चालू नये म्हणून बोलणारा आणि त्यासाठी मेलेला तो त्या डोंगरावरचा एकमेव अधिकारी होता. सरकारची कथा खरी धरली, तर तो लोकांच्या हातून मेला. पहिल्या कथेनं तो खांबावर हवा, दुसऱ्या कथेनं तो खांबावर येऊच शकत नाही. गावानं पहिली कथा जपली आणि यादी मात्र आठांचीच ठेवली. यात मी गावाला दोष देत नाही. ज्याच्यासाठी कचेरीत दुखवट्याचा कागद फिरला असेल, त्याची आठवण ठेवण्याचं काम सरकारचं होतं. सरकारनं ते केलं नाही, पहिल्यानंही नाही आणि दुसऱ्यानंही नाही. मात्र गावातल्या तोंडी कथेतून जोशी गेले नाहीत. ९५ वर्षांनंतरही त्या दिवसाची गोष्ट सांगताना त्यांचं नाव येतंच.

स्वातंत्र्यानंतर चिरनेरचा दिवस तालुक्याचा झाला. १९८० साली बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. ते याच जिल्ह्याचे. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच सुमारास राज्यभर, ज्या ज्या गावचा माणूस स्वातंत्र्यलढ्यात पडला तिथं हुतात्मा स्मारक बांधण्याची योजना निघाली. दोनशेच्या आसपास स्मारकं उभी राहिली, जवळपास एका साच्याची : उतरत्या छपराचं छोटं सभागृह, समोर अंगण, स्तंभ, नावांची पाटी. चिरनेरच्या हुतात्म्यांची गावं वेगवेगळी असल्यामुळे एका गोळीबाराची स्मारकं उरण तालुक्यात गावोगाव विखुरली. विचार चांगला होता. हुतात्मा ज्याचा त्याच्या गावाला मिळाला. पण बांधकाम खात्याला बांधायचं कळतं, वापरायचं नाही. कुठं सभागृहात ग्रंथालय सुरू झालं आणि बंद पडलं, कुठं कुलूपच उघडलं नाही, कुठं छप्पर गळू लागलं. सप्टेंबर जवळ आला की स्मारकांच्या दुरवस्थेच्या बातम्या छापून येतात, रंगरंगोटी होते, आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत विषय संपतो. चिरनेरचा मूळ दिवस मात्र कुणाला आठवण करून द्यावा लागत नाही. तो गावाच्या जत्रेसारखा येतो.

आता १९८४ कडे.

मुंबईची गर्दी कमी करायला खाडीपलीकडे दुसरं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर मांडली. ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधली ९५ गावं नव्या शहराच्या नकाशात आली. खाडी, मिठागर, भातखाचर, सगळं. पुढं न्हावा-शेवा बंदराची जमीन आली. लोकांना आपल्याच जमिनीचा भाव कागदावर वाचून कळू लागला. जासईचे दिनकर बाळू पाटील, म्हणजे दि. बा., शेतकरी कामगार पक्षाचे नेते, यांनी मागणी मांडली, ती एकरी चाळीस हजारांची आणि विकसित जमिनीतल्या वाट्याची. दि. बां.चा जन्म १९२६ चा. चिरनेरचा गोळीबार झाला तेव्हा ते चार वर्षांचे होते, आणि तो पायी जाण्याच्या अंतरावर झाला होता. त्या गोष्टी ऐकत वाढलेली ही पिढी.

१६ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्यावर या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर आणि चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला पागोट्याचे तिघे गेले : केशव महादेव पाटील, महादेव हिरा पाटील, कमळाकर कृष्णा तांडेल. पाच नावं. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते, आणि त्यांनीही बेचाळीसच्या लढ्यात गोळी खाल्लेली होती. हा योगायोग मी मुद्दाम नोंदवतो, कारण चिरनेरच्या बाबतीत आपण जे सोपं उत्तर देतो ते इथं अडतं. गोऱ्या सरकारची गोळी असं दास्तानच्या बाबतीत म्हणता येत नाही. राज्य आपलं होतं, मुख्यमंत्री स्वातंत्र्यसैनिक होते, आणि पडलेली माणसं त्याच भाताची, त्याच खाडीची.

तरीही या दुसऱ्या गोळीबाराचा हिशेब पहिल्यापेक्षा वेगळा लागला. चिरनेरच्या आठांमुळं वन कायदा बदलला नाही. १९२७ चा कायदा स्वतंत्र भारतानंही चालू ठेवला. जासईच्या पाचांमुळं कागद बदलला. आधी भाव वाढला, आणि १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याची योजना लागू झाली. नवी मुंबईत कुणाच्याही तोंडी येणारा तो 'साडेबारा टक्के' हा शब्दप्रयोग, ज्याच्यावर इमारती उठल्या, दलाल श्रीमंत झाले, भावाभावांत कोर्टकज्जे झाले, तो पाच माणसांच्या मरणातून आला आहे. इस्टेट एजंटाच्या पाटीवर 'साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळतील' असं लिहिलेलं असतं. त्या पाटीखाली ती पाच नावं कुणी लिहीत नाही.

१६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोट्याला कार्यक्रम होतात. सप्टेंबरचा दिवस सरकारी पत्रिकेवर आहे, जानेवारीचे दोन दिवस चळवळीचे आहेत. सप्टेंबरमध्ये पालकमंत्री श्रद्धांजली वाहतात, जानेवारीत भाषणांत मागण्यांची यादी वाचली जाते. तालुक्यातला कुणी जाणता माणूस सप्टेंबर आणि जानेवारीत फरक करत नाही. 'चिरनेरचे आठ आणि जासईचे पाच' असं तो एका दमात म्हणतो. दि. बा. २४ जून २०१३ ला गेले. २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव मिळावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले, १० जूनला मानवी साखळी झाली, २४ जूनला बेलापूरला सिडकोवर मोर्चा गेला. त्यात चिरनेरकर होते आणि जासईकरही.

१२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून समुद्रावरून येणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. त्याचं या बाजूचं टोक चिर्ल्यापाशी जमिनीला टेकतं. नामदेव घरतांचं गाव ते हेच. सेतू झाल्यावर मुंबई वीस मिनिटांवर आली आणि रान, शेत, खाडी यांच्या किमतीचा आकडा पुन्हा फिरू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नव्या शहराचं प्राधिकरण नेमलं. वर्तमानपत्रं त्याला तिसरी मुंबई म्हणतात. सरकारी नाव आहे कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर. गावांनी हरकती नोंदवल्या, ग्रामसभांचे विरोधाचे ठराव झाले, आणि सभांतून पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला : आमच्या जमिनीचं काय आणि भाव कोण ठरवणार? आक्कादेवीच्या डोंगराखालचं चिरनेर आता शहराच्या नावात आहे. आठ जणांच्या वारसांना त्या शहरात भूखंड मिळेल की नाही, हे अजून कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.